अलास्का ज्वालामुखी वेधशाळा : साडेतीन दशकांची वाटचाल

ज्वालामुखीची वेधशाळा सहसा त्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांसाठी उभी राहते. व्हेसुव्हिअसच्या छायेत नेपल्स आहे, मेरापीच्या उतारांवर जावातली दाट वस्ती आहे. अलास्कातल्या कित्येक ज्वालामुखींच्या आसपास मात्र दूरदूरपर्यंत माणसाचे घर नाही. अँकरेज शहराच्या पश्चिमेकडच्या माउंट स्परपासून ही रांग सुरू होते, अलास्का द्वीपकल्पाच्या कण्यावरून खाली उतरते आणि ॲल्युशियन बेटांवरून रशियाच्या दिशेने जाते. लांबी सुमारे अडीच हजार किलोमीटर. गेल्या वीस लाख वर्षांत कधी ना कधी जागे झालेले १३०हून अधिक ज्वालामुखी अलास्कात आहेत. त्यांतल्या पन्नासहून अधिक ज्वालामुखींचे उद्रेक लिखित नोंदींच्या काळातले आहेत.

इतक्या निर्जन डोंगरांवर पहारा ठेवण्याचे कारण त्यांच्या डोक्यावर आहे. उत्तर अमेरिका आणि पूर्व आशिया यांना जोडणारी विमाने याच रांगेवरून ये-जा करतात. वर्षाला ८०,०००हून अधिक मोठी विमाने आणि दिवसाला सुमारे ३०,००० माणसे, असा हिशेब वेधशाळेच्या कागदपत्रांत वर्षानुवर्षे दिला जातो. मोठा स्फोट झाला की राख काही मिनिटांत विमानांच्या उंचीला पोहोचते. ही राख चुलीतल्या राखेसारखी मऊ नसते. ती काचेची आणि खडकाची बारीक कणी असते आणि विमानातल्या हवामान-रडारवर ती दिसत नाही. दहा किलोमीटर उंचीवरून झोपेत पुढे जाणारा प्रवासी, हाच या वेधशाळेचा खरा गावकरी.

१९८८ साली स्थापन झालेल्या या संस्थेचा इतिहास यशाच्या यादीसारखा सांगता येत नाही. आपल्याकडे काय नाही, हे जवळजवळ प्रत्येक मोठ्या उद्रेकाने तिला दाखवून दिले आणि ते तिने पुढच्या काही वर्षांत मिळवले. वाटचालीचे टप्पे त्याच क्रमाने पाहणे योग्य ठरेल.

पूर्वपीठिका

१९०७ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतले भूवैज्ञानिक थॉमस जॅगर एक मोहीम घेऊन ॲल्युशियन बेटांवर गेले. समुद्रातून वर येणारे, पुन्हा झिजून जाणारे बोगोस्लॉफ बेट त्यांनी तेव्हा पाहिले. जॅगर यांनी पुढे वेधशाळा उभारली ती हवाईत, १९१२ साली. त्याच वर्षी ६ जूनला अलास्का द्वीपकल्पावर विसाव्या शतकातला जगातला सर्वांत मोठा उद्रेक झाला. तेरा घनकिलोमीटरहून अधिक शिलारस साठ तासांच्या आत बाहेर आला. दीडशे किलोमीटरपलीकडच्या कोडियाक गावात अडीच दिवस काळोख होता. हात लांब करून धरलेला कंदीलही दिसत नव्हता, अशी नोंद आहे.

१९१६ साली नॅशनल जिओग्राफिक सोसायटीच्या मोहिमेवर आलेले वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ग्रिग्ज राखेने बुजलेल्या एका दरीत पोहोचले. जमिनीतून हजारो ठिकाणी वाफ निघत होती. ‘दहा हजार धुरांची दरी’ हे नाव त्यांचेच. उद्रेक कटमाई शिखरातून झाला, असे त्यांना वाटले, कारण कटमाईचा माथा खचून गेलेला होता. राखेच्या थरांची जाडी मोजत गेलेल्या गार्निस कर्टिस यांना १९५०च्या दशकात उलगडा झाला, की शिलारस सुमारे दहा किलोमीटर दूरच्या नोव्हारुप्ता नावाच्या लहानशा मुखातून आला होता. शतकातला सर्वांत मोठा उद्रेक नेमका कुठून झाला, हे कळायला चार दशके लागली! दूरच्या ज्वालामुखीवर पहारा नसला म्हणजे काय होते, याचा याहून ठळक दाखला नाही.

दुसऱ्या महायुद्धात ॲल्युशियन बेटांवर लष्करी तळ आणि धावपट्ट्या झाल्या, तेव्हा या डोंगरांकडे सरकारचे लक्ष गेले. जून १९४४मध्ये चुगिनाडॅक बेटावरचा क्लीव्हलंड ज्वालामुखी उसळला. तिथल्या छोट्या ठाण्यावरचा एक अमेरिकन सैनिक फिरायला म्हणून गेला होता, तो परत आला नाही. पुढच्या वर्षी उम्नाक बेटावरच्या फोर्ट ग्लेन या हवाई तळाजवळ ओकमॉक ज्वालामुखी जागा झाला. युद्धखात्याच्या विनंतीवरून १९४५ साली अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने (यापुढे ‘यूएसजीएस’) अलास्कातल्या ज्वालामुखींचे पद्धतशीर काम हाती घेतले. भूवैज्ञानिक बेटामागून बेट फिरले, नकाशे काढले, अहवाल लिहिले. युद्धाची निकड संपली तसा हा कार्यक्रमही काही वर्षांत आवरता घेण्यात आला.

धागा पुन्हा उचलला तो फेअरबँक्सच्या अलास्का विद्यापीठातल्या जिओफिजिकल इन्स्टिट्यूटने. युर्गेन किन्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०मध्ये कुक इनलेट या आखातातल्या ऑगस्टीन बेटावर भूकंपमापक बसवले. त्यांच्या नोंदी रेडिओवरून मुख्य भूमीवर येऊ लागल्या. ऑगस्टीनचा १९७६ साली उद्रेक झाला आणि मार्च १९८६मध्ये पुन्हा झाला. या दुसऱ्या वेळी राख अँकरेजपर्यंत आली, विमानसेवा विस्कळीत झाली. १९८०मध्ये माउंट सेंट हेलेन्सने ५७ बळी घेतल्यानंतर अमेरिकेत ज्वालामुखींच्या देखरेखीसाठी पैसा आणि राजकीय इच्छा दोन्ही होती. ऑगस्टीनने अलास्काची बाजू मांडली.

मुहूर्तमेढ : तीन संस्था, दोन शहरे

१९८८ साली अलास्का ज्वालामुखी वेधशाळेची स्थापना झाली, ती तीन संस्थांच्या भागीदारीतून. पहिली यूएसजीएस, जिच्यावर भूवैज्ञानिक धोक्यांचा इशारा देण्याची कायदेशीर जबाबदारी आहे. दुसरी जिओफिजिकल इन्स्टिट्यूट, जिच्याकडे भूकंपशास्त्राचा आणि उपग्रहांच्या प्रतिमा वाचण्याचा अनुभव होता. तिसरा अलास्का राज्याचा भूवैज्ञानिक विभाग, ज्याच्याकडे नकाशे, उद्रेकांचा पूर्वेतिहास आणि पुढे संस्थेची माहितीपेढी यांचे काम आले. कचेरी अँकरेज आणि फेअरबँक्स या दोन शहरांत. यूएसजीएसचे थॉमस मिलर हे पहिले प्रमुख वैज्ञानिक. त्यांच्यानंतर टेरी कीथ, टॉम मरे, जॉन पॉवर, मिशेल कूम्ब्स यांनी ही धुरा सांभाळली.

केंद्र, राज्य आणि विद्यापीठ यांचा असा संसार सुरळीत चालतोच असे नाही. इथे तो टिकला, याचे एक कारण हे की तिघांपैकी कोणालाही हे काम एकट्याने झेपणारे नव्हते. उद्रेक सुरू असताना नोंदी कोणाच्या मालकीच्या, हा वाद घालायला वेळही नसतो.

सुरुवातीला यंत्रे होती ती कुक इनलेटच्या काठच्या चार ज्वालामुखींवर : स्पर, रिडाउट, इलियाम्ना आणि ऑगस्टीन. पश्चिमेकडची बाकीची रांग जवळजवळ संपूर्ण मुकी होती.

पहिली परीक्षा : रिडाउट, १९८९–९०

१३ डिसेंबर १९८९ रोजी रिडाउटखाली भूकंपांची झुंबड उडाली. एक दिवस उलटायच्या आतच, १४ तारखेला, उद्रेक सुरू झाला. १५ डिसेंबरला केएलएम कंपनीचे उड्डाण क्रमांक ८६७, ॲमस्टरडॅमहून टोकियोकडे जाताना अँकरेजला उतरण्यासाठी खाली येत होते. बोइंग ७४७-४०० जातीचे ते विमान नवे कोरे होते. आत २४५ माणसे होती. समोरचा ढग साधा वाटला, विमान त्यात शिरले, केबिनमध्ये गंधकाचा वास आणि धूळ भरली. वैमानिकांनी बाहेर पडण्यासाठी इंजिनांची शक्ती वाढवून विमान वर घेतले आणि तेच अंगाशी आले. तापलेल्या इंजिनात राखेतली काच वितळली, पुढे पात्यांवर जाऊन गोठली, हवेची वाट बुजली. चारही इंजिने बंद पडली. विमान जवळपास १४,००० फूट खाली आले. बऱ्याच प्रयत्नांनंतर इंजिने एकेक करून पुन्हा सुरू झाली आणि विमान अँकरेजला सुखरूप उतरले. कोणी दगावले नाही. दुरुस्तीचा खर्च मात्र सुमारे आठ कोटी डॉलर झाला.

रिडाउट उसळला आहे, हे वेधशाळेला ठाऊक होते. ढग नेमका कुठे आहे आणि तो कॉकपिटमध्ये बसलेल्या माणसाला कोणी, कोणत्या शब्दांत, किती मिनिटांत सांगायचे, याची घडी बसलेली नव्हती. वर्षभराच्या संस्थेला मिळालेला हा पहिला धडा होता : नोंद घेणे हे अर्धे काम, निरोप पोहोचवणे हे उरलेले अर्धे.

१९९०च्या सुरुवातीला तिने दोन महत्त्वाच्या गोष्टी केल्या. पहिली शास्त्राची. यूएसजीएसचे बर्नार्ड शूए भूकंपांच्या एका विशिष्ट प्रकाराचा अभ्यास करत होते. खडक तुटल्यावर येणारा धक्का तीव्र आणि तुटक असतो. खडकांच्या फटींत दाबाखाली अडकलेला वायू किंवा शिलारस हलला, की मंद, लांबत जाणारी थरथर येते. अशा दीर्घ आवर्तनाच्या भूकंपांची गर्दी वाढू लागली, म्हणजे आत दाब साठतो आहे. २ जानेवारी १९९० रोजी अशीच गर्दी दिसली, इशारा गेला आणि डोंगराखालच्या ड्रिफ्ट नदीच्या मुखावर असलेले तेलसाठ्याचे केंद्र रिकामे करण्यात आले. काही तासांतच लाव्हाचा घुमट फुटला. वितळलेल्या हिमनदीचे पाणी, राख आणि दगडधोंडे यांचा लोंढा नदीतून खाली आला.

दुसरी गोष्ट भाषेची. हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल या चार रंगांत ज्वालामुखीची स्थिती सांगण्याची पद्धत वेधशाळेने याच उद्रेकात सुरू केली. भूकंपाच्या आलेखावरची चर्चा वैमानिकाच्या कामाची नसते. ‘रिडाउट लाल’ हे दोन शब्द कामाचे असतात. ही रंगपद्धत पुढे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने थोड्या फेरफारांनी स्वीकारली. आज जगभरच्या वेधशाळा ती वापरतात. छोट्या संस्थेने जगाला दिलेली ही सर्वांत मोठी देणगी म्हणावी लागेल.

स्पर, १९९२

दोनच वर्षांनी नव्या व्यवस्थेची कसोटी लागली. स्परच्या अंगावरचे क्रेटर पीक हे मुख १९५३नंतर शांत होते. १९९२च्या २७ जूनला, १८ ऑगस्टला आणि १६–१७ सप्टेंबरला ते तीनदा फुटले. ऑगस्टमधल्या स्फोटाची राख अँकरेजवर सुमारे तीन मिलिमीटर पडली. विमानतळ वीस तास बंद राहिला. सप्टेंबरमधला ढग कॅनडावरून वाहत अमेरिकेच्या मध्य-पूर्व भागावर गेला आणि हजारो किलोमीटर दूरच्या हवाई मार्गांवर त्याने अडचण केली. अलास्कातला डोंगर ही फक्त अलास्काची बाब नाही, हे त्या वर्षी देशाच्या राजधानीतही सर्वांना कळले.

पश्चिमेकडे

वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. त्यामुळे रशियाच्या कामचात्का द्वीपकल्पावरच्या शिवेलुच, क्ल्युचेव्हस्कॉय, बेझिम्यानी या धगधगत्या ज्वालामुखींची राख अलास्काच्या वाटेवरच येते. १९९३ साली पेट्रोपाव्लोव्स्क-कामचात्स्की इथे तिथल्या शास्त्रज्ञांनी उद्रेकांना प्रतिसाद देणारा ‘केव्हीईआरटी’ हा गट उभा केला. अलास्कातल्या वेधशाळेने त्याला पहिल्यापासून साथ दिली. शीतयुद्ध संपून दोन-तीन वर्षेच झाली होती, आणि दोन्ही काठांवरचे शास्त्रज्ञ एकमेकांना राखेच्या ढगांचे निरोप देऊ लागले होते.

मार्च १९९६मध्ये अकुटान बेटाखाली हजारो भूकंप झाले. बेटावर मासळी प्रक्रियेचा मोठा कारखाना आणि एक गाव. जमिनीला भेगा पडल्या, लोक हादरले, काही जण बेट सोडून गेले. उद्रेक झाला नाही. शिलारस वर सरकून थांबला. ‘जागा झालेला’ प्रत्येक ज्वालामुखी फुटतोच असे नाही, हे लोकांना समजावून सांगण्याची वेळ संस्थेवर पहिल्यांदाच आली.

याच सुमारास विमान वाहतूक प्रशासनाकडून निधी येऊ लागला. अलास्काचे सिनेटर टेड स्टीव्हन्स यांचे त्यात मोठे पाठबळ होते. १९९६पासून पुढच्या दशकभरात पाव्हलॉफ, शिशाल्डिन, मकुशिन, कटमाईचा समूह, ॲनियाकचाक, वेनियामिनॉफ, कनागा, ग्रेट सिटकिन अशा एकेका ज्वालामुखीवर यंत्रे गेली. चार ज्वालामुखींवर सुरू झालेले जाळे २००५च्या सुमारास तीसेक ज्वालामुखींपर्यंत पोहोचले.

‘यंत्र बसवले’ या दोन शब्दांत किती मेहनत दडलेली असते, ते इथे सांगायला हवे. काम करायला मिळतो तो उन्हाळा, तोही धुक्यातून उसना मिळालेल्या दिवसांचा. दूरच्या बेटांवर जायला वन्यजीव विभागाचे ‘तिग्लाख’ हे संशोधन-जहाज, त्यावरून हेलिकॉप्टर. डोंगराच्या धारेवर फायबरग्लासची माणसाच्या उंचीची खोपटी, तिच्यात बॅटऱ्यांच्या रांगा, बाहेर सौर पट्टी आणि अँटेना. थोड्या अंतरावर जमिनीत पुरलेला भूकंपमापक. तिथून रेडिओचा निरोप समोर दिसणाऱ्या दुसऱ्या धारेवर, तिथून तिसऱ्या, असा टप्प्याटप्प्याने एखाद्या वस्तीपर्यंत, आणि पुढे उपग्रहाने किंवा तारेने अँकरेज व फेअरबँक्सला. हिवाळ्यात अँटेनावर बर्फाचा जाड लेप चढतो, सौर पट्टी गाडली जाते. मुख्य भूमीवर अस्वले खोपट्या उचकटून ठेवतात. फेब्रुवारीत बंद पडलेले केंद्र दुरुस्त व्हायला जुलै उजाडतो. आणि मधली एक खोपटी गप्प झाली, की तिच्या मागच्या सगळ्यांचा आवाज बंद होतो.

ऑगस्टीन ते रिडाउट : २००६ ते २००९

२००६चा ऑगस्टीनचा उद्रेक हा संस्थेच्या कामाचा वस्तुपाठ मानला जातो. २००५च्या वसंतापासून बारीक भूकंप वाढले, जीपीएसवर डोंगर फुगताना दिसला, डिसेंबरमध्ये वाफेचे स्फोट झाले, वायूंचे प्रमाण वाढले. प्रत्येक पायरीवर निवेदन निघत गेले. ११ जानेवारी २००६ रोजी पहिला मोठा स्फोट झाला, तेव्हा कोणालाही आश्चर्य वाटले नाही.

२००८च्या उन्हाळ्याने मात्र सगळा आत्मविश्वास तपासून पाहिला. १२ जुलैला ओकमॉक फुटला. त्याच्यावर भूकंपमापक आणि जीपीएस यांचे चांगले जाळे होते. तरीही पूर्वसूचना होती ती काही तासांची, आणि तीसुद्धा इतकी क्षीण की मागे वळून पाहिल्यावरच ओळखू आली. राखेचा खांब सुमारे सोळा किलोमीटर उंच गेला. जुन्या फोर्ट ग्लेनजवळ राहणारे एक पशुपालक कुटुंब कसेबसे बेटाबाहेर पडले. त्याच महिन्यात क्लीव्हलंड फुटला. ७ ऑगस्टला कासाटोची हे छोटेसे बेट फुटले. त्यावर एकही यंत्र नव्हते. समुद्रपक्ष्यांचा अभ्यास करणारे दोन जीवशास्त्रज्ञ मात्र तिथे राहत होते. शेजारच्या बेटांवरच्या यंत्रांवर भूकंपांची वाढती मालिका पाहून वेधशाळेने धोका ओळखला. वन्यजीव विभागाने धावाधाव केली आणि अखेर एका मासेमारी बोटीने त्या दोघांना उचलले. त्यानंतर थोड्याच वेळात बेट उसळले आणि त्यांची राहण्याची जागा राखेखाली गेली.

एका उन्हाळ्यात तीन उद्रेक : भरपूर यंत्रे असलेला एक, यंत्रे नसलेले दोन. जाळे असूनही डोंगर चकवू शकतो आणि जाळे नसतानाही शेजारचे कान कामी येऊ शकतात, असे दोन्ही धडे एकदम मिळाले.

२००९ची गोष्ट संस्थेत आजही चवीने सांगितली जाते. जानेवारीत रिडाउटचा रंग नारिंगी झाला होता. २४ फेब्रुवारीला लुइझियानाचे तेव्हाचे गव्हर्नर, भारतीय वंशाचे बॉबी जिंदाल, यांनी राष्ट्राध्यक्ष ओबामांच्या भाषणाला उत्तर देताना सरकारी उधळपट्टीचा नमुना म्हणून ‘ज्वालामुखींवर देखरेख’ या खर्चाची टिंगल केली. २२ मार्चच्या रात्री रिडाउट उसळला. ४ एप्रिलपर्यंत एकोणीस मोठे स्फोट झाले. १९९०नंतर ड्रिफ्ट नदीवरच्या तेलसाठ्याभोवती बांधलेले बंधारे लोंढ्यापुढे टिकले. टिंगलीला उत्तर द्यायला संस्थेला वेगळे पत्रक काढावे लागले नाही.

कानाने आणि विजेने

सगळ्या ज्वालामुखींवर यंत्रे बसवणे शक्य नाही, हे मान्य केल्यावर दुरून ऐकण्याची साधने आली. पहिले इन्फ्रासाउंड : माणसाला ऐकू न येणारा, खालच्या पट्टीचा आवाज. क्लीव्हलंडवर २०१४पर्यंत स्वतःचे एकही केंद्र नव्हते. त्याचे स्फोट सुमारे हजार किलोमीटर दूरच्या डिलिंगहॅम इथे लावलेल्या संवेदकांवर टिपले जात. आवाजाचा वेग पाहता निरोप यायला पाऊण-एक तास लागे. तोवर विमान सातआठशे किलोमीटर पुढे गेलेले असते. तरी ढगांनी झाकलेल्या बेटाबद्दल काहीच न कळण्यापेक्षा उशिरा कळणे बरे.

दुसरे साधन वीज. राखेचे कण एकमेकांवर घासले जाऊन ढगात विजा चमकतात आणि त्यांचे रेडिओतरंग जगभरच्या वीज-नोंदणी जाळ्यावर उमटतात. डिसेंबर २०१६ ते ऑगस्ट २०१७ या काळात बोगोस्लॉफ सत्तरहून अधिक वेळा फुटला. तेच बोगोस्लॉफ, जॅगर यांनी पाहिलेले. बेटावर यंत्र नव्हते, जवळची भूकंप-केंद्रे सुमारे पन्नास किलोमीटर दूर. सुरुवातीची खबर दिली ती वैमानिकांनी. मग वेधशाळेने दूरचे भूकंपमापक, इन्फ्रासाउंड, विजा आणि उपग्रह यांची सांगड घातली आणि स्फोटामागून स्फोट टिपला. याच काळात ज्वालामुखीच्या ढगातला मेघगर्जनेचा आवाज उम्नाक बेटावरच्या मायक्रोफोनवर ध्वनिमुद्रित झाला. गर्जना ऐकल्याचे पूर्वी अनेकांनी सांगितले होते. स्फोटाच्या गडगडाटातून ती वेगळी काढून दाखवणारी ही पहिली प्रसिद्ध नोंद ठरली.

संशोधनाचे दालन

इशाऱ्याचे काम शास्त्राच्या पायावरच उभे राहते. नोव्हारुप्ता उद्रेकाच्या शताब्दीला, २०१२ साली, वेस हिल्ड्रेथ आणि ज्युडी फियरस्टीन यांचा त्या उद्रेकावरचा विस्तृत ग्रंथ यूएसजीएसने काढला. ती राख अजून निवांत झालेली नाही. कोरड्या दिवसांत जोराचा वारा सुटला, की १९१२ची राख दरीतून उठून कोडियाककडे वाहते आणि वेधशाळेला विमानांसाठी आजही सूचना काढावी लागते. उद्रेक नाही, धोका मात्र खरा!

२०२० साली ध्रुवीय बर्फातल्या राखेच्या रासायनिक ओळखीवरून संशोधकांनी दाखवले, की इ.स.पू. ४३मध्ये ओकमॉकचा प्रचंड उद्रेक झाला होता. ज्युलियस सीझरच्या हत्येनंतर भूमध्य समुद्राभोवती आलेल्या थंड, दुष्काळी वर्षांशी त्याचा संबंध त्यांनी जोडला.

एप्रिल २०२२मध्ये सिटका शहराजवळच्या माउंट एजकम्बखाली भूकंप झाले. हा डोंगर झोपलेला मानला जाई. इतका, की १ एप्रिल १९७४ रोजी एका स्थानिक विनोदवीराने हेलिकॉप्टरने जुने टायर नेऊन त्याच्या मुखात पेटवले आणि अख्ख्या गावाला एप्रिल फूल केले होते. यावेळी धूर नव्हता. जिओफिजिकल इन्स्टिट्यूटच्या शास्त्रज्ञांनी उपग्रहांच्या रडारच्या सात-साडेसात वर्षांच्या प्रतिमा काही दिवसांत तपासल्या. ऑगस्ट २०१८पासून जमीन २७ सेंटिमीटर वर उचलली गेल्याचे दिसले. जवळ एकही यंत्र नसलेल्या डोंगराखाली शिलारस शिरत असल्याचे आकाशातून कळले. पाठोपाठ तिथे यंत्रे बसली.

ऋणनिर्देश

संस्थेचा इतिहास फक्त शास्त्रज्ञांचा नाही. धुक्यात धारेवर उतरणारे हेलिकॉप्टर-चालक, जहाजावरचे खलाशी, राखेची पहिली खबर देणारे वैमानिक, आणि द्वीपकल्पावरच्या व बेटांवरच्या छोट्या गावांतले लोक यांचा त्यात मोठा वाटा आहे. राख पडली की ती कशी गोळा करायची, पिशवीवर वेळ आणि जागा कशी लिहायची, हे त्यांना संस्थेने शिकवले. एका गृहिणीने अंगणातून भरलेली मूठभर राख प्रयोगशाळेत शिलारसाचा स्वभाव सांगते. हवामान खाते, विमान वाहतूक प्रशासन, तटरक्षक दल आणि राज्याचा आपत्ती विभाग हे इशारा पुढे नेणारे हात आहेत. त्यांच्याशिवाय वेधशाळेचा निरोप कचेरीबाहेर पडला नसता.

आज आणि पुढे

२०१९ साली ज्वालामुखींच्या पूर्वसूचनेच्या राष्ट्रीय व्यवस्थेला अमेरिकेत कायद्याचे अधिष्ठान मिळाले. जुनी ॲनालॉग केंद्रे डिजिटल करण्याचे काम बरेच पुढे गेले आहे. दर शुक्रवारी साप्ताहिक आढावा निघतो, रोज उपग्रहचित्रे आणि भूकंपलेख तपासले जातात, रात्री-अपरात्री स्वयंचलित इशारे फोनवर येतात. ग्रेट सिटकिनच्या मुखात जुलै २०२१पासून सुरू झालेला लाव्हा पुढे वर्षानुवर्षे पसरत राहिला. २०२३मध्ये शिशाल्डिनने अनेक स्फोट केले.

२०२४मध्ये स्परखाली भूकंप वाढले आणि जमीन फुगू लागली. मार्च २०२५मध्ये वायूंचे प्रमाण मोजून आल्यावर वेधशाळेने जाहीर केले, की येत्या काही आठवड्यांत किंवा महिन्यांत उद्रेकाची शक्यता अधिक आहे. अँकरेजकरांनी मास्क आणि गाड्यांची एअर फिल्टर विकत घेऊन ठेवली. एप्रिलपासून हालचाल मंदावू लागली, तेव्हा तेही तितक्याच स्पष्टपणे सांगण्यात आले. इशारा देणे धाडसाचे असते, तो उतरवणे त्याहून अवघड. अकुटानच्या वेळी लोकांना समजावावे लागले होते, या वेळी लोकांनी ते समजून घेतले. तीन दशकांत मिळवलेली पुंजी हीच.

संस्थेची एक सवय शेवटी मुद्दाम नोंदवायला हवी. ज्या ज्वालामुखीवर पुरेशी यंत्रे नाहीत, त्याला ती शांततेच्या काळातही हिरवा रंग देत नाही. त्याच्यापुढे ‘रंग दिलेला नाही’ एवढेच लिहिते. हिरवा म्हणजे आम्ही ऐकतो आहोत आणि सारे ठीक आहे. ऐकायची सोय नसताना ठीक आहे म्हणणे, हे तिच्या नियमात बसत नाही. अशा ज्वालामुखींची नावे १९८८पासून कमी होत आली आहेत, पण संपलेली नाहीत. ती संपवणे हेच येत्या दशकांचे काम आहे, आणि त्यासाठी लागेल तो पैसा, उन्हाळे आणि धारेवर उतरणारी माणसे मिळत राहावीत, एवढेच म्हणावेसे वाटते.